स. का. पाटील : तुरुंगाची पुण्याई आणि मतपेटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालाड पूर्वेला महापालिकेचं एक रुग्णालय आहे. त्याला स. का. पाटील यांचं नाव दिलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांना भेटायला मी तिथे निघालो होतो. सोबत त्यांचा पुतण्या होता, पंचविशीतला, कॉम्प्युटरवर काम करणारा. रिक्षावाल्याला त्यानं रुग्णालयाचं नाव सांगितलं आणि मग मला विचारलं, ‘‘काका, हे स. का. पाटील कोण हो? कोल्हापूरकडचे साखर कारखानदार वगैरे होते का?’’

मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. ज्या माणसाला एके काळी वर्तमानपत्रं मुंबईचा अनभिषिक्त सम्राट म्हणत, ज्याच्या नावानं आमच्या घरात आधी आदरानं आणि नंतर संतापानं आवाज चढत असे, तो माणूस आता रिक्षाच्या पत्त्यापुरता उरला होता. ‘‘येताना सांगतो,’’ असं मी त्याला म्हटलं. आज तुम्हालाही तेच सांगणार आहे.

सुरुवात मात्र जरा लांबून, आफ्रिकेतून करतो. सप्टेंबर २०१९ मध्ये झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे वारले. गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध लढताना या माणसानं दहा वर्षं तुरुंगात काढली होती. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा ते पंतप्रधान झाले आणि जगानं त्यांचं कौतुक केलं. पुढे त्यांच्याच राजवटीत माताबेलेलँडमध्ये कत्तली झाल्या, विरोधकांना मारहाण झाली, नोटांवरची शून्यं मोजता येईनात. ते स्वतःहून गेले नाहीत. २०१७ मध्ये लष्करानं दाराशी रणगाडे उभे केले, तेव्हा गेले. मृत्यूनंतरचे लेख वाचताना प्रत्येक लेखकाची एकच पंचाईत झालेली दिसत होती. स्वातंत्र्यसैनिक म्हणून नमस्कार करायचा, की राज्यकर्ता म्हणून जाब विचारायचा?

हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही. आपल्याकडेही तो येऊन गेला, आणि मुंबईत तो सर्वांत ठळकपणे आला स. का. पाटलांच्या रूपानं. मुगाबे आणि पाटील यांना एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही; पाटलांवर अन्याय होईल. पण त्यांचा फरक नेमका कशात आहे, ते शोधण्यासारखं आहे.

सदाशिव कानोजी पाटील मूळचे तळकोकणातले. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस त्यांचा जन्म झाला. गांधीजींनी असहकाराची हाक दिली आणि कॉलेज सोडणाऱ्या मुलांच्या लाटेत तेही बाहेर पडले. पुढे ते लंडनला जाऊन पत्रकारिता शिकून आले. मुंबईत परतल्यावर त्यांनी स्वतःला काँग्रेसच्या कामात झोकून दिलं. कायदेभंगाची चळवळ, मग ‘छोडो भारत’ची चळवळ, या सगळ्या काळात तुरुंगाच्या वाऱ्या झाल्या. मुंबई शहराची काँग्रेस समिती तेव्हा स्वतंत्र प्रांतिक समिती होती. तिचं चिटणीसपद आणि नंतर अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. वॉर्डावॉर्डातला कार्यकर्ता नावानिशी ओळखणारा आणि शेठजींकडून पक्षासाठी पैसा उभा करणारा असा दुसरा माणूस मुंबई काँग्रेसमध्ये नव्हता. घटना समितीचेही ते सभासद होते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तेव्हा गिरगावात एका चाळीत राहायचे. तेही कोकणातले. ९ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ते होते. अश्रुधुरानं डोळे सुजले होते, ही गोष्ट त्यांनी आम्हाला शंभर वेळा तरी सांगितली असेल. पाटलांच्या सभेला ते सतरंज्या घालायला जात. ‘आपल्या मुलखातला माणूस’ हा अभिमान त्यात होताच. पाटलांचं एक भाषण ऐकून त्यांनी खादी घालायला सुरुवात केली, असं आई सांगायची.

स्वातंत्र्यानंतर पाटील १९४९ ते १९५२ अशी सलग तीन वर्षं मुंबईचे महापौर होते. उपनगरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीनं या काळातली एक तारीख महत्त्वाची आहे. १५ एप्रिल १९५०. त्या दिवशी बृहन्मुंबई अस्तित्वात आली. त्याआधी मुंबई म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. वांद्रे, कुर्ला, अंधेरी, घाटकोपर ही सारी वेगळी गावं. त्यांच्या कुठे छोट्या नगरपालिका, तर कुठे ग्रामपंचायती. ही गावं पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत महापालिकेत आली. नंतर १ फेब्रुवारी १९५७ ला हद्द आणखी वाढली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग आत आला. त्यात आमचं मालाड आणि बोरिवलीही होती.

हे सगळं पाटलांनी एकट्यानं केलं असं नाही. शहर वाढणारच होतं, कायदा सरकारनं केला. पण त्या खुर्चीत तेव्हा ते होते आणि शहर उपनगरांकडे वाढलं पाहिजे या मताचे होते. महापालिकेत आल्यामुळे नळ लगेच आले असंही नाही. गोरेगावात मृणालताई गोरे पाण्यासाठी लढत होत्या, १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हाही उपनगरातल्या बायका हंडे घेऊन रांगेत उभ्याच होत्या. तरीही आज अंधेरीचा किंवा मुलुंडचा माणूस ‘मी मुंबईत राहतो’ असं म्हणतो, त्याचा पाया तेव्हा घातला गेला.

आणि ज्या महापौरानं मुंबईच्या विस्ताराची वर्षं पाहिली, तोच पाच वर्षांनी मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून उभा राहिला.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा नव्या पिढीला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. भाषावार प्रांतांना आधी १९४८ च्या दार आयोगानं आणि मग १९४९ च्या नेहरू-पटेल-पट्टाभी समितीनं थंड प्रतिसाद दिला होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्यातही मराठी माणसाचं मुंबईसह महाराष्ट्र हे स्वप्न नाकारलं गेलं. पाटलांचं म्हणणं असं, की मुंबई ही कुणा एका भाषेची नाही. मराठी बोलणारे या शहरात निम्म्याहून कमी, गिरण्या आणि बाजारपेठा उभारल्या सगळ्यांनी. तेव्हा मुंबई वेगळी ठेवावी. हे मत मांडणारे ते एकटे नव्हते. बडे उद्योगपती आणि व्यापारी त्या बाजूला होते. पण ते मराठी होते, हे लोकांना जास्त लागलं.

मतभेद असणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. काँग्रेस जिवंत आहे तोवर मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असा मोरारजींचा सूर, तर हजारो वर्षांत ते घडणार नाही, असा पाटलांचा. लोक खवळले. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा शहर पेटलं. या साऱ्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आचार्य अत्र्यांनी पाटलांना ‘सदोबा’ करून टाकलं आणि ते नाव पोराटोरांच्या तोंडी झालं.

अण्णा त्या चौपाटीच्या सभेला होते. सतरंज्या घालायला नव्हे, ऐकायला. घरी आले ते काही न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपले. आमच्या चाळीतला एक गिरणीतला मुलगा जानेवारीतल्या गोळीबारात पायाला गोळी लागून जन्माचा अधू झाला. त्या दिवसापासून आमच्या घरात पाटलांचं नाव घ्यायचं नाही, असा अलिखित नियम झाला. खादी मात्र अण्णांनी सोडली नाही. ‘‘खादी गांधीबाबाची आहे, त्याची नव्हे,’’ असं ते म्हणत.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं मराठी मुलखात काँग्रेसला धूळ चारली. मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे प्रचंड मतांनी निवडून आले. पण त्या लाटेतही दक्षिण मुंबईतून पाटील पुन्हा लोकसभेत गेले. नेहरूंनी त्यांना मंत्रिमंडळात घेतलं. पाटबंधारे आणि वीज, मग वाहतूक आणि दळणवळण, आणि १९५९ मध्ये अन्न व शेती खातं.

आणि इथे तारखांची एक गंमत आहे. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. शिवाजी पार्कवर रोषणाई, घराघरावर तोरणं. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे १९६० ला, स. का. पाटील वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याशेजारी बसून एका करारावर सही करत होते. पीएल-४८० या अमेरिकन कायद्याखालचा हा करार. त्यानुसार चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळणार होता, आणि पैसे डॉलरमध्ये नव्हे तर रुपयांत द्यायचे होते. तोवरचा हा या प्रकारातला सर्वांत मोठा करार. पाटलांचं गणित सरळ होतं. परकीय चलन नाही, कोठारात साठा नाही. साठा असला तर व्यापारी भाव चढवू शकत नाही आणि दुष्काळात माणूस मरत नाही.

टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. बाहेरचा गहू स्वस्तात येत राहिला तर आपला शेतकरी पिकवणार कशाला, आणि दुसऱ्याच्या ताटात जेवणाऱ्यानं मान वर कशी करायची? १९६५-६६ च्या दुष्काळात ते दिसलंच. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजं जरा जरा करत, आपली धोरणं पाहून पाहून सोडली. त्या अपमानातून सी. सुब्रमण्यम यांच्या काळात नव्या बियाण्यांचा कार्यक्रम जोमानं पुढे गेला, हेही खरं.

आम्ही तोवर मालाडला राहायला आलो होतो. रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभं राहणं हे माझं काम. तो अमेरिकेचा लाल गहू आणि कधी मिलो, म्हणजे त्यांची ज्वारी. पोळी वातड व्हायची, भाकरी थापताना चिरायची. आई करवादायची. एकदा मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, ‘‘अण्णा, हा गहू सदोबानं आणलाय.’’ अण्णांचा हात घासाशी थांबला. मला वाटलं, आता ताट भिरकावतात. पण त्यांनी तो घास खाल्ला आणि म्हणाले, ‘‘अन्नाला नावं ठेवू नये.’’ गव्हाला म्हणाले की माणसाला, ते मला तेव्हा कळलं नाही.

१९६३ मध्ये कामराज योजनेखाली ज्येष्ठ मंत्र्यांनी राजीनामे दिले, त्यात पाटील होते. नेहरूंनंतर शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात ते रेल्वेमंत्री म्हणून परतले आणि इंदिरा गांधींच्या काळातही १९६७ पर्यंत तेच खातं त्यांच्याकडे राहिलं. कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी आणि पाटील या पुढाऱ्यांच्या गटाला वर्तमानपत्रं ‘सिंडिकेट’ म्हणू लागली. पंतप्रधान कोण, तिकीट कुणाला, हे या मंडळींच्या बैठकीत ठरतं अशी समजूत झाली होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

आपल्या उपनगरांनीही ही सत्ता पाहिली. कृष्ण मेनन १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना हरवून मोठ्या मतांनी निवडून आले होते. १९६७ मध्ये घाटकोपर-मुलुंडच्या बाजूच्या ईशान्य मुंबई मतदारसंघातून त्यांना उभं राहायचं होतं. मुंबई काँग्रेसनं तिकीट नाकारलं. त्यामागे पाटलांच्या गटाचा जोर होता हे उघड गुपित होतं. मेनन बाहेरचे, हाही मुद्दा पुढे करण्यात आला. घाटकोपरचे आमचे मामा त्या वेळी म्हणाले, ‘‘अहो भावोजी, दहा वर्षांमागे मुंबई सगळ्यांची होती. आता मेनन बाहेरचे झाले!’’ मेनन अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, त्यांनीही मेनन यांना हरवलं.

पण त्याच १९६७ मध्ये पाटलांच्या स्वतःच्या दक्षिण मुंबईत निराळंच घडत होतं. त्यांच्यासमोर होते जॉर्ज फर्नांडिस. वय ३६, मंगळूरहून आलेले, फुटपाथवर झोपून दिवस काढलेले, टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार यांचे पुढारी, महापालिकेतले नगरसेवक. देव आला तरी मला पाडू शकणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी पाटील पत्रकारांशी बोलून गेले, असं सांगतात. जॉर्जच्या माणसांनी तेवढं उचललं आणि भिंती रंगवल्या, की देव नसेल पाडत, पण तुम्ही पाडू शकता. मोटारी, पैसा, मंत्रिपद सगळं एका बाजूला आणि हे भिंतीवरचं वाक्य दुसऱ्या बाजूला. पाटील हरले. जॉर्जना ‘जायंट किलर’ ही पदवी त्या दिवशी मिळाली.

निकाल आला तेव्हा मालाडच्या आमच्या इमारतीत कुणीतरी पेढे वाटले. आमचं मत त्या मतदारसंघात नव्हतं, तरी वाटले. मी पेढा घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, ‘‘बरं झालं. हरायलाच हवा होता.’’ आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, ‘‘पण अरे, या माणसासाठी मी सतरंज्या घातल्यात.’’

मला वाटतं, स. का. पाटलांबद्दल इतकं खरं वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

पुढची कहाणी उताराची आहे. गुजरातमधल्या बनासकांठा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीतून पाटील लोकसभेत परत गेले. ज्या मुंबईवर त्यांनी राज्य केलं, तिथून नव्हे. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवरून काँग्रेस फुटली. संजीव रेड्डी हरले, व्ही. व्ही. गिरी जिंकले. पाटील संघटना काँग्रेसमध्ये राहिले. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत तो पक्ष वाहून गेला आणि पाटलांचं राजकारणही. १९८१ मध्ये ते वारले. ज्या चौपाटीवर त्यांची सभा उधळली गेली, तिच्याजवळ चर्नी रोड स्टेशनाला लागून असलेल्या बागेला त्यांचं नाव आहे. आणि आमच्या मालाडच्या रुग्णालयाला.

आता त्या फरकाकडे येतो. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेल्या माणसाच्या मनात एक समज हळूहळू घर करते, की आपण लोकांसाठी इतकं केलं, तेव्हा लोकांना काय हवं ते आपल्यालाच कळतं. पाटलांच्या चौपाटीवरच्या शब्दांत आणि १९६७ च्या त्या देवाच्या गोष्टीत मला ही समज दिसते. मुगाबेंमध्येही हीच होती. तुरुंगाची पुण्याई खरी असते, म्हणूनच ती घातक ठरते. खोटी असती तर लोक तिला भुललेच नसते. पण झिम्बाब्वेत ही पुण्याई उतरवायला रणगाडे लागले. मुंबईत एक भिंत, चुन्याची बादली आणि मतपेटी पुरली. पाटील हरले आणि त्यांनी तो निकाल मानला. मुकाट्यानं घरी जाण्याची ही रीत त्यांच्याच पिढीनं, त्यांनीही ज्या सभेत बसून घटना लिहिली त्या सभेनं, घालून दिली होती. त्यांच्याविरुद्ध मत देण्याचा हक्क लोकांना मिळवून देणाऱ्यांत तेही एक होते, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे सगळं माफ का? नाही. जानेवारी १९५६ मध्ये गेलेली माणसं परत आली नाहीत, आणि आमच्या चाळीतला तो मुलगा म्हातारपणापर्यंत कुबडी घेऊन चालला. गोळीबाराचा हुकूम पाटलांचा नव्हता. ते राज्याच्या सरकारात नव्हते. पण आग लागलेली दिसत असताना त्यांनी शब्दांनी तेल ओतलं, हा हिशेब त्यांच्या नावावर राहणारच.

त्या दिवशी रुग्णालयातून परत येताना मी त्या मुलाला हे सगळं सांगितलं. रिक्षा वाहतुकीत अडकली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता. त्यानं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, ‘‘मग काका, माणूस चांगला होता की वाईट?’’

मी म्हटलं, ‘‘बाळ, तुरुंगात गेला ते खरं. गहू आणला ते खरं. मुंबईच्या बाबतीत आपल्याच माणसांच्या विरुद्ध उभा राहिला, तेही खरं. यातलं एक सांगायचं आणि दुसरं गाळायचं, असं करू नकोस.’’

तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘पाटीवर नुसतं नाव आहे. थोडं लिहायला हवं होतं खाली.’’

मला ते पटलं. चार ओळी पुरतील. पण त्या चारही ओळी लिहायला हव्यात.